पोर्सिलेन व्हिनियर

पोर्सिलेन व्हिनियर : पुढच्या दातांच्या ओठाकडील पृष्ठभागावर रेझिन सिमेंटने कायमचा चिकटवलेला चिनी मातीचा पातळ पापुद्रा. जाडी साधारणतः ०.३ ते ०.७ मिमी. दंतवैद्य व लॅबमधले कारागीर त्याला ‘लॅमिनेट’ म्हणतात. कोकणात, इतरत्रही, रुग्ण सरसकट ‘कॅप’ म्हणतात. कॅप मात्र दाताला चहूबाजूंनी झाकते आणि तिच्यासाठी दात कितीतरी जास्त कोरावा लागतो.

उगमाचे श्रेय सहसा कॅलिफोर्नियाचे दंतवैद्य चार्ल्स पिंकस यांना देतात. त्यासाठी १९२८ हे साल वारंवार दिले जाते. पिंकस यांचा स्वतःचा लेख मात्र १९३८ चा आहे. चित्रीकरणापुरते नटांच्या दातांवर बसवून नंतर काढून ठेवायचे ते मुखवटे होते, आजच्या अर्थाने व्हिनियर नव्हेत. खरी अडचण चिकटण्याची होती. मायकेल ब्युनोकोर यांनी १९५५ मध्ये फॉस्फोरिक आम्लाने दंतवल्क (इनॅमल) खरखरीत करून दाखवले आणि दाताच्या बाजूचा प्रश्न सुटला. पोर्सिलेनच्या बाजूचा प्रश्न कोणी सोडवला याबद्दल एकमत नाही. रोशेत यांनी १९७५ मध्ये मोडलेल्या पटाशीच्या दातावर सिलेन (पोर्सिलेन व रेझिन यांना जोडणारे रसायन) लावलेले पोर्सिलेन चिकटवले होते. पोर्सिलेन व्हिनियर चिकटवण्यावरचा हॉर्न यांचा लेख १९८३ चा. त्याच वर्षी सिमन्सन व कलामिया यांनी हायड्रोफ्लोरिक आम्लाने कोरलेल्या पोर्सिलेनची पकड मोजून दाखवली. मोजमाप हाती असल्याने आजच्या पद्धतीचा आरंभ या शेवटच्या कामापासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

दाताचा रंग कोरण्याआधीच ठरवतात, कारण तोंड उघडे राहून दात सुकला की तो पांढरा दिसतो. मेणात घडवलेल्या नमुन्यावरून सिलिकोनचा साचा करून कोरणी तपासतात. हिरडीजवळ ०.३ मिमी, मध्यभागी ०.५ मिमीच्या आसपास. टोक झाकायचे असल्यास तिथे १ ते २ मिमी. कोरणी दंतवल्कातच राहिली पाहिजे. दंतिन (दंतवल्काखालचा थर) उघडे पडले की पकड कमी होते व दात शिवशिवतो. दात ब्लीच केले असतील तर चिकटवण्याआधी सुमारे दोन आठवडे थांबतात. उरलेला ऑक्सिजन रेझिनला घट्ट होऊ देत नाही.

चिकटवताना व्हिनियरची आतली बाजू हायड्रोफ्लोरिक आम्लाने कोरतात : लिथियम डायसिलिकेट (काचेसारखे मजबूत सिरॅमिक) असेल तर ५ टक्के, २० सेकंद, फेल्डस्पारी पोर्सिलेनला तीव्रता व वेळ दोन्ही जास्त. मग सिलेन. एकाच बाटलीतले सिलेन उष्ण, दमट हवेत लवकर बिघडते. स्वच्छ पाण्यासारखे असलेले द्रव दुधाळ झाले की बाटली फेकावी. दातावर ३७ टक्के फॉस्फोरिक आम्ल १५ ते ३० सेकंद, धुणे, बाँड (पकड देणारे पातळ रेझिन), आणि प्रकाशाने घट्ट होणारे सिमेंट. प्रकाश व रसायन दोन्हींनी घट्ट होणारे सिमेंट पातळ व्हिनियरखाली वर्षांनी पिवळसर दिसू शकते, म्हणून ते टाळतात. कोरलेल्या जागी लाळेचा थेंब लागला तर आम्लाची पायरी पुन्हा करावी लागते.

झिलईदार पोर्सिलेनवर डाग सहसा धरत नाही. तो धरतो कडेच्या सिमेंटरेषेवर. कोकणात तिचा मुख्य शत्रू मिश्री, म्हणजे भाजून काळी केलेली तंबाखूची पूड. बोटाने घासल्याने रेषा काळी पडते, हिरडी मागे सरते, आणि झाकलेली कड उघडी होते. मिश्री सुटत नसेल तर व्हिनियर न बसवणेच बरे. राखुंडी, कोळसा व मीठही वर्ज्य. कोकमाचे आगळ वा कैरी पोर्सिलेनला फारसे बाधत नाही, पण कडेलगतचे दंतवल्क आम्लाने झिजवते. खाल्ल्यावर चूळ भरावी, लगेच ब्रश करू नये. कुर्लीचे डेंगे पुढच्या दातांनी फोडणे आणि रोठा सुपारीचे खांड चावणे, यांनी टोकाचा टवका उडतो. झोपेत दात खाणाऱ्यांना रात्री नाइट गार्ड लागतो. फ्लोराइड लावायचे झाल्यास ते आम्लयुक्त नको, उदासीन असावे; आम्लयुक्त जेल झिलई खाते.

अखंड सुटलेला व्हिनियर घरच्या गोंदाने चिकटवू नये. डबीत ठेवून आणावा. सिमेंट दातावर राहिले असेल तर चूक व्हिनियरच्या बाजूला, हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा सिलेनच्या पायरीवर झालेली असते. ते व्हिनियरच्या आत राहिले असेल तर दाताची बाजू कमी पडलेली असते, बहुधा लाळेमुळे किंवा उघड्या दंतिनामुळे.