आठवड्यातून दोन दिवस व्यायाम मानेच्या धमनीसाठी, चार दिवस महाधमनीसाठी

साठी ओलांडलेल्यांच्या बीपीच्या कागदावर बऱ्याचदा 160/70 असा आकडा दिसतो. ‘खालचं बीपी छान आहे की!’ म्हणून घरचे निश्चिंत होतात. पण काळजीचं कारण त्या दोन आकड्यांमधल्या रुंदावलेल्या अंतरातच असतं. हृदयाने रक्त ढकललं की निरोगी महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, फुगते आणि दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात आकसून तेच रक्त पुढे सारते. ती ताठर झाली की पुरेशी फुगत नाही, म्हणून वरचा आकडा चढतो. आकसण्याचा जोर कमी पडतो, म्हणून खालचा उतरतो. ठोक्याचा धक्का मग मेंदू आणि मूत्रपिंडांतल्या नाजूक वाहिन्यांपर्यंत पुरता न शमताच पोहोचतो.

आपल्याकडे सगळी चर्चा ‘ब्लॉकेज’ची. ताठरपणाची आठवण कुणाला होत नाही. तो मोजतात नाडीच्या लाटेच्या वेगावरून. मानेपासून जांघेपर्यंत ही लाट तरुणपणी सेकंदाला साधारण 6 मीटर वेगाने धावते; वेग 10 मीटरच्या वर गेला तर युरोपातले हृदयतज्ज्ञ तो धोक्याचा इशारा मानतात. धमनीच्या भिंतीतलं इलास्टिन नावाचं लवचीक प्रथिन शरीर मुख्यतः लहानपणीच बनवून ठेवतं. जुन्या इलॅस्टिकसारखे त्याचे धागे ठोक्याठोक्याने झिजतात, तुटतात, आणि त्यांच्या जागी चिवट कोलॅजन वाढत जातं.

व्यायामाने हे तुटलेले धागे जुळून येतात असं नाही. फरक पडतो तो धमनीच्या आतल्या अस्तरामुळे. वेगाने चाललं की रक्ताचा प्रवाह वाढतो, अस्तराच्या पेशींवर त्याचं घर्षण वाढतं आणि त्या नायट्रिक ऑक्साइड सोडतात. या वायूमुळे भिंतीतले स्नायू सैलावतात. 1980 साली अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट यांनी दाखवून दिलं की धमनी सैल करणारा संदेश अस्तरातूनच येतो. तो संदेश म्हणजे हा वायू, हे पुढे उलगडलं आणि 1998चं नोबेल त्या शोधाला मिळालं. छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवतात ती सॉर्बिट्रेटची गोळीही याच वायूच्या मार्गाने काम करते. वय वाढेल तसा हा वायू कमी पडू लागतो. नियमित व्यायाम करणाऱ्यांमध्ये तो बनवणारी यंत्रणा जास्त तत्पर राहते.

कोलोराडोतल्या संशोधकांनी 2000 साली बैठं आयुष्य जगणाऱ्या मध्यमवयीन आणि त्याहून मोठ्या पुरुषांना तीन महिने व्यायाम करायला लावला, आणि तोही मुख्यतः चालण्याचा. त्यांच्या मानेच्या धमनीची लवचिकता सुमारे पाव पटीने वाढली. मला जास्त बोलकं वाटतं ते डॅलसमधलं 2018चं काम. तिथे साठीपुढच्या 102 जणांची विभागणी अनेक वर्षांच्या सवयीनुसार केली होती. आठवड्यातून दोन-तीन दिवस व्यायाम करणाऱ्यांच्या मानेकडच्या मध्यम आकाराच्या धमन्या तरुण राहिलेल्या दिसल्या. छाती-पोटातल्या मोठ्या धमन्यांवर मात्र चार-पाच दिवस घाम गाळणाऱ्यांमध्येच परिणाम दिसला. अर्थात, ही एका वेळची पाहणी होती. वर्षानुवर्षं व्यायाम टिकवणारे लोक मुळातच धडधाकट असतील, ही शंका राहतेच. तरी शनिवार-रविवारची टेकडी महाधमनीला पुरत नसावी, असं मी त्यातून घेतो.

रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांचं चित्र थोडं वेगळं आहे. चालण्याने त्यांच्या मानेची धमनी लवचीक होते, पण अस्तराचं काम पुरुषांइतकं हमखास सुधारत नाही. इस्ट्रोजेन कमी झाल्याचा हा परिणाम असावा असं मानतात. म्हणून आजीने घरी बसावं असा याचा अर्थ मुळीच नाही. साखर, वजन, बीपी, झोप हे फायदे आहेतच.

राहिली वजनं. जपानमध्ये तरुणांना काही महिने जड वजनं उचलायला लावली तेव्हा त्यांच्या मानेची धमनी उलट ताठर झाली आणि व्यायाम थांबवल्यावर पूर्ववत झाली. म्हातारपणी स्नायू टिकवायला वजनं हवीतच. जागतिक आरोग्य संघटना 65च्या पुढेही आठवड्याला दीडशे मिनिटांच्या मध्यम व्यायामाखेरीज दोन दिवस स्नायूंसाठी सांगते. फक्त वजनं हलकी-मध्यम घ्यावीत, उचलताना श्वास रोखू नये, आणि चालणं त्यांच्यापायी बंद करू नये.