उष्णता साठवणाऱ्या सोलर कुकरचं पेटंट: अर्ज कोणी करायचा, काय काय लागतं

प्रोजेक्टचा सीझन आला की पोरं विचारतातच, सर ऊन गेल्यावरही भात शिजवणारा कुकर बनवलाय, पेटंट मिळेल का? मिळू शकतं, पण हात जोडून सांगतो, अर्ज टाकायच्या आधी तो प्रदर्शनात मांडू नका, व्हिडिओ टाकू नका, एकदा चारचौघांत आलं की नावीन्य गेलं. सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना, तिथे मांडल्यापासून 12 महिन्यांत अर्ज करायची सवलत आहे, पण कॉलेजचं प्रदर्शन त्यात धरू नका.

दुसरं म्हणजे नुसतं "आत एरिथ्रिटॉल (साखरेसारखा एक गोड पदार्थ) भरलं" एवढ्यावर काही होत नाही. ते साधारण 118 अंशांना वितळतं, किलोमागे 340 किलोजूलच्या आसपास उष्णता पोटात घेतं आणि थिजताना परत देतं, हे आधीच माहीत आहे, आणि माहीत असलेल्या पदार्थाचा नुसता नवा वापर पेटंट कायद्याच्या कलम 3(डी) मध्ये अडकतो. तुमचं जे आहे ते रचनेत शोधा. भांड्याभोवतीची दुहेरी भिंत, आत उष्णता पोचवणाऱ्या पट्ट्या, वितळल्यावर पदार्थ फुगतो त्याला सोडलेली जागा. एरिथ्रिटॉल 118 च्या बरंच खाली आलं तरी कधीकधी थिजतच नाही, मग साठवलेली उष्णता हवी तेव्हा मिळत नाही, यावर खरंच तोडगा काढला असेल तर दाव्यात (अर्जात नेमका कशावर हक्क मागता ते लिहायचा भाग) तोच पुढे ठेवा.

अर्ज खरा संशोधक करू शकतो किंवा त्याने हक्क लिहून दिलेली व्यक्ती, संस्था. कॉलेजच्या नावाने करायचा तर सगळ्या पोरांच्या सह्यांचं हक्कपत्र लागतं, आणि फीची सवलत हवी तर फॉर्म 28 पण. महाराष्ट्र, गोव्याचे अर्ज मुंबईच्या पेटंट ऑफिसकडे, ऑनलाइनच भरा.

प्रयोग अर्धवट असतील तर फॉर्म 1 (अर्ज) आणि फॉर्म 2 (वर्णन) वर प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज टाका, वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन 1600 रुपये (30 पानं, 10 दाव्यांपर्यंत). अर्जाची तारीख लागली की 12 महिन्यांत ड्रॉइंगसह पूर्ण वर्णन आणि फॉर्म 5 (संशोधक कोण याची घोषणा) द्यायचाच, नाहीतर अर्ज सोडून दिला असं धरतात. फॉर्म 3 (परदेशातल्या अर्जांची माहिती) पण विसरू नका.

अर्ज भरला म्हणजे आपोआप तपासणी होते असं अनेकांना वाटतं, तसं नाही, फॉर्म 18 वेगळा भरावा लागतो, 4000 रुपये, पहिल्या तारखेपासून 31 महिन्यांच्या आत. अर्जदार महिला असेल तर फॉर्म 18ए ने लवकर तपासणी मागता येते. हरकतींचा रिपोर्ट आला की उत्तराला 6 महिने मिळतात, तेव्हा तापमानाच्या नोंदींची वही जपून ठेवा.