झोपडपट्टी पुनर्वसन योजना (मुंबई)

झोपडीच्या बदल्यात त्याच जागी पक्के घर मोफत देणारी महाराष्ट्र शासनाची योजना. ती राबवणाऱ्या झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या (स्लम रिहॅबिलिटेशन ऑथॉरिटी) इंग्रजी आद्याक्षरांवरून लोक तिला ‘एसआरए’ म्हणतात.

झोपड्या पाडल्या तरी पुन्हा उभ्या राहतात, हे कळायला सरकारला बराच काळ लागला. १९७१ साली झोपडपट्टी सुधारणा कायदा आला. १९७६च्या झोपडपट्टी गणनेनंतर फोटोपास, म्हणजे झोपडीधारकाची छायाचित्र असलेली ओळखपत्रे मिळाली. वस्त्यांत नळ, शौचालये, दिवे, पायवाटा आल्या. १९८५च्या सुमारास जागतिक बँकेच्या मदतीने रहिवाशांच्या सहकारी संस्थांना भाडेपट्ट्याने जमीन आणि घरदुरुस्तीसाठी कर्ज देण्याचा प्रयोग झाला. कमी खर्चाची आणि माणसांना न हलवणारी ही वाट पुढे सोडून देण्यात आली. १९९१पासून विकासकाला जादा चटई क्षेत्राचे, म्हणजे त्याच भूखंडावर जास्त बांधकाम करण्याच्या परवानगीचे आमिष दाखवले जाऊ लागले. १९९५च्या निवडणुकीत शिवसेना-भाजप युतीने मुंबईतल्या ४० लाख झोपडीवासीयांना मोफत घरांचे आश्वासन दिले, आणि ही योजना आखण्यासाठी नेमलेल्या अफझलपूरकर समितीच्या अहवालानंतर त्याच वर्षी प्राधिकरण स्थापन झाले.

‘मोफत’ असले तरी घराचा पैसा सरकारी तिजोरीतून येत नाही. रहिवासी संस्था स्थापून विकासक निवडतात. तो पुनर्वसनाची इमारत बांधतो, तोवर रहिवाशांना संक्रमण शिबिर किंवा भाडे देतो, आणि उरलेल्या जागेवर बाजारभावाने सदनिका विकून खर्च व नफा काढतो. जागेत न मावणारे बांधकाम टीडीआरच्या (हस्तांतरणीय विकास हक्काच्या) रूपाने इतरत्र नेता येते. साहजिकच जिथे जमिनीला भाव तिथे विकासकांची रांग लागते. डोंगरउतारावरची वा कमी भावाची वस्ती वर्षानुवर्षे ताटकळते. मंदी आली की भाडे थकते, काम रखडते, आणि पाडलेल्या झोपडीचा मालक दोन्हीकडून जातो.

सगळा जीव अडकतो तो परिशिष्ट-दोनमध्ये, म्हणजे पात्र-अपात्रांच्या यादीत. झोपडी ज्या तारखेआधीची असावी लागते ती कटऑफ तारीख मुळात १ जानेवारी १९९५ होती; पुढे ती २००० झाली. २००० ते २०११मधल्या झोपड्यांना सशुल्क घराची सोय झाली. जुने वीजबिल आणि मतदारयादीतले नाव यांना म्हणूनच वस्तीत दागिन्याइतकी किंमत असते. योजनेला रहिवाशांच्या संमतीची अट ७० टक्क्यांवरून ५१वर आली. घर २२५ चौरस फुटांचे होते, ते २६९ आणि नंतर ३०० झाले.

रहिवाशांच्या तक्रारी मात्र क्षेत्रफळापलीकडच्या आहेत. इमारती इतक्या खेटून असतात की खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो. लिफ्टचे आणि पंपाचे बिल दरमहा येते. पोटमाळ्यावर किंवा दारात चालणाऱ्या शिवणकामाला, पापड लाटण्याला सातव्या मजल्यावर जागा नसते. त्यामुळे काही कुटुंबे घर भाड्याने देऊन पुन्हा चाळीत वा झोपडीत जातात.

धारावीसाठी २००४पासून स्वतंत्र आराखडा आहे. अनेक फेऱ्यांनंतर २०२२मध्ये निविदा अदाणी समूहाने जिंकली. तिथे पात्र कुटुंबांना ३५० चौरस फुटांचे घर देऊ केले आहे. अपात्रांसाठी धारावीबाहेर घरांची तरतूद असून, मुख्य विरोध त्या स्थलांतरालाच आहे.