अमेरिकी वाहन-उद्योगातील चिनी गुंतवणूक

२००८ च्या मंदीनंतर डबघाईला आलेल्या अमेरिकी मोटार-कंपन्या, त्यांच्या नाममुद्रा आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे कारखाने चिनी उद्योगसमूहांनी विकत घेतले किंवा घेऊ पाहिले, त्या व्यवहारांचा विचार या नोंदीत केला आहे.

सर्वांत गाजलेला सौदा तडीस गेलाच नाही. जनरल मोटर्सने २००९ मध्ये हमर ही नाममुद्रा सिचुआनमधील तेंगचोंग या अवजड यंत्रे बनवणाऱ्या कंपनीला विकण्याचे ठरवले होते. असे सौदे वॉशिंग्टनमध्ये अडतात अशी सर्वसाधारण समजूत असली, तरी येथे मंजुरी मिळाली नाही ती चीन सरकारची, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये व्यवहार मोडला. त्याच वर्षी मिशिगनमधील सॅगिनॉ येथील नेक्सटीअर हा स्टीअरिंग बनवणारा उद्योग जनरल मोटर्सकडून चिनी मालकीत गेला, त्याचा मात्र फारसा गाजावाजा झाला नाही.

सुट्या भागांकडून संपूर्ण मोटारीकडे जाण्याचा चिनी प्रयत्न वानश्यांग समूहाच्या उदाहरणात स्पष्ट दिसतो. लू ग्वानच्यू यांनी १९६९ मध्ये हांगचौजवळ शेतीची अवजारे दुरुस्त करण्याचे छोटे दुकान काढले आणि पुढे युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे आपल्याकडच्या गॅरेजांत ज्याला ‘क्रॉस’ म्हणतात तो सांधा, बनवून समूहाला नावारूपास आणले. समूहाचे नावही त्या सांध्याच्या चिनी नावावरूनच आले आहे.

बॅटरी बनवणाऱ्या ए१२३ सिस्टिम्सला अमेरिकी ऊर्जा खात्याने २४ कोटी ९० लाख डॉलरचे अनुदान मंजूर केले होते. सदोष बॅटऱ्या बदलून देण्याच्या खर्चाचा बोजा पडलेल्या या कंपनीने ऑक्टोबर २०१२ मध्ये दिवाळे काढले, आणि डिसेंबरच्या लिलावात वानश्यांगने २५ कोटी ६६ लाख डॉलरची बोली लावून ती जिंकली. करदात्यांच्या पैशातून उभे राहिलेले तंत्र चीनला जात असल्याची तक्रार काही लोकप्रतिनिधींनी केली. अखेर लष्करी कंत्राटांचा भाग वेगळा काढून एका अमेरिकी कंपनीला विकण्यात आला आणि जानेवारी २०१३ मध्ये परकीय गुंतवणुकीची छाननी करणाऱ्या समितीने उरलेल्या व्यवहाराला हिरवा कंदील दाखवला.

ए१२३ ची गिऱ्हाईक असलेली, ‘कर्मा’ ही वीज आणि पेट्रोल दोन्हींवर चालणारी मोटार बनवणारी फिस्कर ऑटोमोटिव्ह ही अमेरिकी कंपनी तोपर्यंत स्वतःच गाळात गेली होती. ऊर्जा खात्याने ५२ कोटी ९० लाख डॉलरचे कर्ज मंजूर करून सुमारे १९ कोटी दिल्यावर हात आखडता घेतला होता, आणि ऑक्टोबर २०१२ च्या सँडी वादळात नेवार्क बंदरावर उभ्या असलेल्या तीनशेहून अधिक नव्या कर्मा मोटारी खाऱ्या पाण्यात बुडून निकामी झाल्या. हाँगकाँगचे उद्योगपती रिचर्ड ली यांच्याशी संबंधित हायब्रिड टेक या कंपनीने सरकारचे थकीत कर्ज अडीच कोटी डॉलरला विकत घेतले आणि लिलावात रोख रकमेऐवजी ते येणे कर्जच बोली म्हणून लावून कंपनी पदरात पाडून घेण्याचा बेत केला. डेलावेअरच्या दिवाळखोरी न्यायालयाने मात्र कर्जापोटी लावायच्या बोलीला अडीच कोटींचीच मर्यादा घातली. त्यामुळे खरोखरीचा लिलाव झाला आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये वानश्यांगने १४ कोटी ९२ लाख डॉलरची बोली जिंकली.

समूहाने कंपनीला कर्मा असे नाव देऊन कॅलिफोर्नियातील मोरेनो व्हॅली येथे कारखाना काढला. २०१६ मध्ये आलेली रेव्हेरो ही जुन्याच कर्माची सुधारलेली आवृत्ती होती आणि तिची किंमत १ लाख ३० हजार डॉलर होती. फिस्कर हे नाव मात्र मूळ कंपनीचे संस्थापक आणि अभिकल्पक हेन्रिक फिस्कर यांच्याकडेच राहिले. त्याच नावाने त्यांनी काढलेल्या दुसऱ्या कंपनीनेही जून २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.