सेप्टिक शॉक की डेंग्यू शॉक?

तापाने आजारी तीन वर्षांचं मूल. हातपाय गार, नाडी जलद, मूल मलूल. पावसाळ्यात बालरुग्ण विभागात अशा मुलासमोर दोन शक्यता असतात: सेप्टिक शॉक किंवा डेंग्यू शॉक. नावात दोन्हीकडे शॉक, म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त न पोहोचणं, असला तरी रक्ताभिसरण बिघडण्याची तऱ्हा वेगळी.

सेप्सिस म्हणजे संसर्गामुळे अवयवांचं काम बिघडणं; सेप्टिक शॉक त्यातूनच येतो. मुलांमधल्या या दोन्हींची व्याख्या 2024 मध्ये बदलली. 2005 पासूनची सेप्सिसची जुनी व्याख्या ताप, नाडी, श्वास आणि पांढऱ्या पेशी यांवर बेतलेली होती, त्यामुळे साध्या सर्दीतापाचं मूलही तिच्यात बसायचं. ‘फिनिक्स’ नावाच्या नव्या निकषांत श्वसन, रक्ताभिसरण, रक्त गोठणं आणि मेंदू यांतल्या बिघाडाला गुण देतात. संसर्गाचा संशय आणि एकूण दोन गुण म्हणजे सेप्सिस; त्यातला किमान एक गुण रक्ताभिसरणाचा असेल तर सेप्टिक शॉक. तो गुण तीन वाटांनी मिळतो: सरासरी रक्तदाब वयाच्या मानाने कमी, लॅक्टेट (ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारा घटक) 5 किंवा जास्त, किंवा रक्तदाब टिकवणारं औषध सुरू असणं.

डेंग्यू शॉकची खूण मात्र वरच्या आणि खालच्या बीपीतल्या फरकात असते. तो 20 किंवा त्याहून कमी झाला की शॉक.

आता आकडे मांडून बघा. एका मुलाचं बीपी 70/25. फरक 45, सरासरी (खालचा आकडा अधिक फरकाचा एक तृतीयांश) 40. दोन ते पाच वर्षांच्या मुलात 32 ते 44 सरासरीला एक गुण, म्हणजे हे फिनिक्समध्ये धरलं जातं. दुसऱ्याचं 90/75. सरासरी 80, त्यामुळे फिनिक्सच्या रक्तदाबाच्या रकान्यात शून्य. पण फरक फक्त 15! हे मूल डेंग्यू शॉकमध्ये आहे, आणि केवळ वरचा आकडा पाहणारा ‘बीपी छान आहे’ म्हणून पुढच्या खाटेकडे जाईल.

असं का? डेंग्यूत केशवाहिन्यांतून रक्तद्रव पाझरतो, रक्त दाट होतं, हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) चढतो. शरीर रक्तवाहिन्या आवळून बीपी सावरतं, म्हणून खालचा आकडा वर सरकतो. सेप्सिसमध्ये अनेकदा रक्तवाहिन्या सैलावतात आणि खालचा आकडा घसरतो. अनेकदा म्हणतो, नेहमी नाही: सेप्सिसमध्येही वाहिन्या आवळून हातपाय गार पडू शकतात, आणि तिथेच फसगत होते.

घरच्यांचा सगळा जीव ‘पेशीं’त, म्हणजे प्लेटलेटच्या आकड्यात अडकलेला असतो. पण एक लाखाखालच्या प्लेटलेटला फिनिक्समध्येही गुण आहे, त्यामुळे एवढ्यावरून दोघांत निवाडा होत नाही. त्यापेक्षा ताप कधी उतरला ते विचारावं. डेंग्यूत धोका बहुधा ताप उतरताना, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान येतो. ‘ताप गेला, बरं झालं’ म्हणायच्या नेमक्या वेळी. सोबत पोटदुखी, वारंवार उलट्या असतात.

उपचारातही फारकत आहे. सेप्टिक शॉकमध्ये पहिल्या तासात अँटिबायोटिक हवं. डेंग्यूच्या विषाणूवर त्याचा उपयोग नाही. अर्थात दोन्ही एकत्र असू शकतात, म्हणून शंका असेल तर अहवालाची वाट न पाहता डॉक्टर अँटिबायोटिक सुरू करतात. सलाईन दोघांनाही लागतं, पण डेंग्यूतली गळती 24 ते 48 तासांत थांबते, पाझरलेलं पाणी वाहिन्यांत परततं, आणि तेव्हाही बाटली चालूच राहिली तर ते फुप्फुसांत साचतं.