वीस डिग्री आणि पाच वर्षं

कोल्हापूरच्या उद्यमनगरात चहा घेताना एकजण वैतागून म्हणाला, "दर पाच वर्षांनी स्टँडर्ड बदलायचं आणि नवीन पुस्तक विकायचं, धंदा आहे सगळा." पुस्तकं महाग आहेत हे खरं, पण आयएसओ, म्हणजे ही स्टँडर्ड (मानकं) ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था, दर पाच वर्षांनी स्टँडर्ड बदलत नाही हो, फक्त तपासते. सभासद देशांना विचारतात, आहे तसं ठेवायचं, दुरुस्त करायचं की रद्द? तसंच ठेवा, हेपण उत्तर चालतं.

माझं आवडतं उदाहरण म्हणजे आयएसओचं एक नंबरचं स्टँडर्ड, 1951 चं. त्यात मुद्दा एकच, ड्रॉइंगवरचं माप 20 डिग्री सेल्सिअसला धरायचं. पूर्वी फ्रान्स 0 डिग्री धरायचा, इंग्लंड 62 फॅरनहाइट, म्हणजे एकाच मापाचा जॉब (मशीनवर बनवलेला भाग) दोन देशांत दोन साईजचा. 1931 ला 20 ठरलं, तेच पुढं या स्टँडर्डमध्ये आलं.

आता आपल्याकडं एप्रिलमध्ये शिरोलीतल्या शेडमध्ये 35 सहज असतं. 100 मिमीचा स्टीलचा जॉब या जादा 15 डिग्रीनं साधारण 17 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) फुगतो, आणि ड्रॉइंगवर एच-सेव्हन टॉलरन्स, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाची एक ठरलेली मर्यादा, असेल तर मिळतात एकूण 35 मायक्रॉन, म्हणजे अर्धी जागा नुसत्या उन्हानं खाल्ली! पण थांबा, मोजायचा मायक्रोमीटरपण स्टीलचाच, तोही 35 वर असला तर तेवढाच फुगतो, मग चूक जवळजवळ कटते. कास्ट आयर्न स्टीलपेक्षा किंचित कमी फुगतं, म्हणून आपल्या फाउंड्रीवाल्यांचंही निभावतं. गोची ॲल्युमिनियमची, ते स्टीलच्या दुप्पट फुगतं, त्यामुळं जॉब आणि मायक्रोमीटर दोन्ही 35 वर असले तरी माप 17 मायक्रॉन जास्तच दिसणार. आणि मशीनवरून गरमागरम उतरवलेला जॉब लगेच मोजला तर कुठलंच गणित लागू नाही, मग कस्टमरकडं गार झाल्यावर अंडरसाईज निघतो आणि इकडं मशीनला लिंबू-मिरची बांधतात.

हे 20 डिग्रीचं स्टँडर्ड 1975, 2002, 2016 आणि 2022 ला नव्यानं छापलं. शब्द बदलले, व्याप्ती बदलली, 20 जागेवरच. माहिती-सुरक्षेचं 27001 मात्र 2005, 2013, 2022 असं आलं, आणि हॅकर काय आठ-नऊ वर्षं थांबतात व्हय? माझ्या मते तिथं पाच वर्षांनी तपासणंसुद्धा उशीरच.

आणि ते "आयएसओ सर्टिफाईड ज्योतिषी" बोर्ड दिसतात ना, आयएसओ स्वतः कुणालाच सर्टिफिकेट देत नाही, ते दुसऱ्या संस्था देतात. 9001, म्हणजे क्वालिटी सांभाळायच्या पद्धतीचं स्टँडर्ड, असलं तरी त्यात कामाची पद्धत तपासतात, कुंडली खरी का खोटी ते नाही.

चहावाल्या गड्याला एवढंच विचारलं, "तुझा जॉब कधी मोजतोस?" म्हणाला, उतरवला की लगेच.