सोलापूरच्या दवाखान्यांत संगणक शिरला तो हिशेबाच्या खिडकीतून

सोलापूरकरांच्या तोंडी सरकारी रुग्णालय म्हणजे ‘सिव्हिल’. त्याला जोडलेले वैद्यकीय महाविद्यालय १९६३ चे. धाराशिव, विजयपूर, कलबुर्गीकडचे रुग्णही येथे येतात. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणाऱ्यांची नावे एकाच केसपेपर खिडकीवर लिहिली जातात आणि एकाच माणसाचे नाव दोन भेटींत दोन तऱ्हांनी नोंदले जाऊ शकते. मग जुना केसपेपर सापडत नाही. ही अडचण संगणकाहून जुनी आहे, आणि नुसता संगणक आणल्याने ती सुटतही नाही.

येथील बहुतेक दवाखान्यांत संगणक आधी बिलासाठी आला. मोठा रेटा दिला तो राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेने. जुलै २०१२ मध्ये ती पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होते. (२०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते.) उपचाराची पूर्वमंजुरी, तपासण्यांचे अहवाल, रुग्णाचा फोटो, शेवटी दावा, सारे ऑनलाइन. आरोग्यमित्राच्या, म्हणजे रुग्णालयात योजनेचे काम पाहणाऱ्या मदतनिसाच्या, टेबलावरचे नेट गेले की शस्त्रक्रियेची मंजुरी अडू लागली. खरे तर तेव्हाच संगणकाची देखभाल हा रुग्णसेवेचा भाग झाला होता. व्यवस्थापनाने मात्र तो हिशेब विभागाच्या कक्षेतच ठेवला, असे माझे मत आहे.

संगणक ही वस्तू नसून चालवायची सेवा आहे, हा विचार १९८० च्या दशकात ब्रिटिश सरकारच्या संगणक विभागाने ‘आयटिल’ या ग्रंथमालेत मांडला. बिघाडाची नोंद कुठे करायची, तो किती वेळात दूर व्हायला हवा, प्रणालीत बदल कोणाच्या परवानगीने करायचा, असे साधे प्रश्न त्यात आहेत. २००५ मध्ये त्या विषयाचे आंतरराष्ट्रीय मानकही आले. रुग्णालयात या प्रश्नांना वेगळेच वजन येते. रात्री दोनला रक्तपेढीचा संगणक अडला, तर सकाळी अकराला येणारा तंत्रज्ञ काय कामाचा?

२०२२ ने हे कडवटपणे दाखवले. जुलैत राज्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतली माहिती प्रणाली कंत्राटदाराशी झालेल्या वादातून बंद पडली आणि नोंदी पुन्हा हाताने लिहिण्याची वेळ आली. नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. तिथेही जवळपास दोन आठवडे कामकाज कागदावर चालले. एकीकडे करार तुटला, दुसरीकडे सर्व्हरच ओलीस गेले, पण खिडकीसमोर उभ्या रुग्णाच्या वाट्याला रांगच आली.

सप्टेंबर २०२१ पासून आरोग्याच्या नोंदी डिजिटल रूपात जोडणारे केंद्र सरकारचे आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर लागू आहे. त्यातला चौदा अंकी ‘आभा’ हा रुग्णाचा आरोग्य-ओळख क्रमांक नावाच्या स्पेलिंगवर अवलंबून नाही, म्हणून सोलापूरसारख्या बहुभाषिक शहराला तो विशेष उपयोगी आहे. पण त्याची नोंद घेणारे यंत्र आणि जोडणी रात्रपाळीतही चालू ठेवणारा माणूस रुग्णालयाच्या आस्थापनेवर असायला हवा, आणि त्याचे पद यंत्रखरेदीच्या आधी मंजूर व्हायला हवे.